पुढचं वाक्य

आमच्या साप्ताहिकात आम्ही तिघंच. संपादक गोपाळकृष्ण सर, पानं लावणारा अनीश आणि मी, वल्लरी. नाटकं मी बघते, पुढारी मी गाठते, खून-मारामाऱ्याही माझ्याच. हळदीचा बाजार आणि तुंबलेल्या गटारी सर लिहितात. सांगलीतले मोठे पेपर जे छापायला कचरतात ते आम्ही छापतो, त्यामुळं दर गुरुवारी कुणीतरी शिव्या द्यायला जिना चढून येतंच. मला हे काम जीव की प्राण!

त्या बुधवारी दुपारी फोनवरची तीन रेकॉर्डिंगं उतरवून घ्यायची होती. सहाला अंक छपाईला जाणार होता.

पहिलं मिरजेतल्या एका नाटकाच्या तालमीचं. कानात इअरफोन घातले, तर प्रत्येक संवादाच्या आधी हलकीशी कुजबूज. यात नवल ते काय? प्रॉम्प्टर असणार. कॉलेजात चार वर्षं मी तेच केलंय. विंगेत बसायचं, नट अडखळायच्या आत दोन शब्द पुढं सरकवायचे, आवाजात भाव आणायचा नाही, आणि वहीचं पान उलटताना बोट ओलं करायचं, म्हणजे कागद वाजत नाही. या बाबाचं काम एकदम चोख होतं. एका जागी नट विसरला, तर त्यानं तेच वाक्य दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं दिलं. मी अगदी तसंच करायचे! इतका आनंद झाला की बातमीत त्याचं नाव द्यायचं ठरवलं आणि दिग्दर्शिका चारुशीलाला फोन लावला.

"अगं, मी प्रॉम्प्टर ठेवतच नाही," ती म्हणाली. "पाठांतर नसेल तर घरी बसा म्हणते."

असेल कुणी हौशी, म्हटलं.

दुसरी मुलाखत झेडपीला उभ्या राहिलेल्या वीरधवलदादांची. ते "मी जनतेचा सेवक आहे" म्हणाले, त्याच्या अर्धा क्षण आधी तीच कुजबूज. "मी जनतेचा..." मला हसू आवरेना. अनीशच्या कानात इअरफोन कोंबला.

"पीए पढवतोय की दादांना!" तोही खदखदून हसला.

हसता हसता मला आठवलं. ती मुलाखत गाडीत झाली होती. दादा स्वतः चालवत होते आणि गाडीत आम्ही दोघंच होतो.

तिसरं रेकॉर्डिंग गुंडाचं. गुंडा हा इस्लामपूरकडचा ट्रॅक्टर ड्रायव्हर. गावातलं गोदाम पेटलं, आत झोपलेला रखवालदार गेला, आणि आळ गुंडावर आला. त्याची आई लीलाबाई दोनदा आमच्याकडं येऊन गेली होती. आगीच्या वेळी गुंडा मिरजेच्या दवाखान्यात तिच्या खाटेखाली झोपला होता, तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून कोर्टाबाहेर मी गुंडापुढं फोन धरला होता.

"मीच लावली आग," तो म्हणाला.

त्याच्या अर्धा क्षण आधी, "मीच लावली..."

मी खुर्ची ढकलून उठलेच. "सर! पढवलंय त्याला! आईशप्पथ, पढवलंय!"

सरांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्यांचे डोळे चमकले. "अनीश, पहिलं पान मोकळं कर!"

मी लीलाबाईंना फोन केला. त्या वकिलाकडं आलेल्याच होत्या. "आवं, मी सांगलीतच हाय. ही आलेच बगा."

काय सांगू, पाय जमिनीवर ठरेनात! दहा वर्षांत अशी बातमी हाताला लागली नव्हती, आणि एक पोरगा सुटणार होता.

"किती सेकंदाला येतं ते टिपून ठेव," सर म्हणाले.

मी पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला माझाच प्रश्न होता. "गुंडा, तुझी आई वेगळंच सांगते, खरं काय?"

त्याच्या आधी, "गुंडा, तुझी आई..."

तो प्रश्न मला तिथंच उभ्या उभ्या सुचला होता. कुणाला बोलले नव्हते.

मी फोन सरांकडं सरकवला. त्यांनी ऐकून चष्मा काढला. "हे कोण मानेल, वल्लरी? तूच मागाहून आवाज जोडलास म्हणतील. मला तर छापू नये असं वाटतं. पण बातमी तुझी. तू ठरव."

मी ठरवलंच होतं. छापायचं. माझ्या प्रश्नासकट.

लीलाबाई आल्या. डोळ्यावर अजून काळा चष्मा होता. मी सवयीनं फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"छापताय न्हवं बाई? एवढं छापलं तर जामिनाला लय उपेग हुईल म्हनतोय वकील. प्वार वाळून गेलंय वो."

मी तोंड उघडणार, एवढ्यात ऐकू आलं. इअरफोन तर टेबलावर पडले होते.

"मावशी, आम्हाला नाही..."

आवाजात भाव नव्हता.

मी ओठ घट्ट मिटले. नाही म्हणणार मी हे. जीव गेला तरी नाही.

पुन्हा आलं. जरा मोठ्यानं.

"मावशी, आम्हाला नाही छापता येणार."

मी बोलले नाही. आईची शपथ, मी बोलले नाही.

लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "असू द्या, बाई. तुमी तरी काय करनार," म्हणाल्या आणि उठल्या.

"मावशी, थांबा! मी छापणार आहे!" मी ओरडले.

त्या वळल्या नाहीत. अनीशनं मान वर केली नाही. सर पहिल्या पानावर हळदीची बातमी घ्यायला सांगत होते.

मी जिन्यात धावले, त्यांचा पदर धरला. खिळ्याला अडकलेला सोडवावा तसा त्यांनी तो न बघताच सोडवून घेतला आणि खाली उतरत गेल्या.

वर येऊन मी रेकॉर्डिंग लावलं.

लीलाबाईंचा प्रश्न आहे. दोनदा दिलेलं माझं वाक्य आहे. लीलाबाईंचं उत्तर आहे.

माझं ओरडणं नाही. त्या जागी कुणीतरी वहीचं पान उलटतंय. बोट ओलं केलेलं असावं. कागद अगदी थोडासाच वाजतो.