एक्केचाळिसावा खडा

थापा मारण्यात बार्शी तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नाही. पण धोंडाईच्या डोंगराबद्दल मी खोटं बोलत नाही. त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

चौऱ्याहत्तर साली मी तिथं वनरक्षक होतो. दुष्काळात डोंगर बोडका झाला होता; वरचा झरा तेवढा जिवंत. धोंडाईच्या दर्शनाला माणसं लोटायची, झऱ्याकाठची माती खचायची, हरणं पाण्याला येईनात. मग साहेबांनी हुकूम काढला: दिवसाला चाळीसच माणसं वर सोडायची.

मोजायची रीत दिली हरिबा धनगरानं. चढताना प्रत्येकानं पायथ्याच्या शिळेवर एक खडा ठेवायचा, उतरल्यावर एक उचलून टाकायचा. चाळीस झाले की वाट बंद. शिळा रिकामी झाली की मी घरी. एका पुढाऱ्याचा मेव्हणा एक्केचाळिसावा आला, तर त्याला लिंबाखाली बसवून माझी भाकरी खाऊ घातली आणि तसाच परत धाडला. वर्षभरात धावड्याच्या झाडांना फुटवे आले. हरणं परतली.

एका सोमवारी चाळीस खडे झाले आणि माझी बायको, हेमावती, ओटी घेऊन आली. लग्नाला आठ महिने झाले होते.

"खडा ठेवू का, ओ?"

"घरच्या माणसाला कसला आलाय खडा? जा की!"

दिवस कलला. चाळीसच्या चाळीस उतरले. हेमावती नाही.

धावत झऱ्यावर गेलो. नारळ देवीपुढं नीट ठेवलेला. ओल्या मातीत तिची पावलं पाण्यापर्यंत गेलेली, परतीची नव्हती. झरा गुडघाभरसुद्धा खोल नाही. हाका मारल्या. माझीच हाक बऱ्याच वेळानं दुसऱ्या उतारावरून आली.

पायथ्याला हरिबा मेंढरं घेऊन उभा होता.

"वैनींचा खडा कुटं हाय?"

"ठेवलाच नाही."

"न मोजता सोडलं व्हय?" एरवी हसणारा हरिबा खेकसला. "आता तुमी ठिवा, तिच्या नावानं. आन गुमान बसा."

ठेवला. बसलो.

कुणी आलं नाही. मेंढरं चरायची थांबली.

माझा धीर सुटला. मी आणखी एक ठेवला.

वळणावर हेमावती दिसली. निवांत उतरत होती. मी धावत जाऊन हात धरला. हात गार होता. मला रडू फुटलं. तिथंच डोंगराला दंडवत घातला. शिळेपाशी तिनं वाकून एक खडा उचलून टाकला.

"चला की घरी," माझा हात धरून ती म्हणाली.

हरिबा शिळेकडं बघत होता. एक खडा उरला होता.

मग तो वर बघायला लागला.

वळणावर हेमावती उभी होती. धापा टाकत, माझ्याकडं बघून हसत.

तिला आमचे धरलेले हात दिसले. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि आल्या वाटेनं परत वर निघाली.

"मागं बघू नका," हातातली म्हणाली.

मी बघितलं नाही. चार लेकरं झाली, संसार सोन्यासारखा झाला. रोज सकाळी डोंगराला हात जोडतो. हेमावतीनं आता सत्तरी ओलांडली. कुठलाही चढ चढून येऊ दे, तिला धाप लागलेली मी अजून पाहिली नाही.