बंद पिशवीचं वजन

"मॅडम, येडशीला शेततळ्यात होडी हाय."

गुरुवारी सकाळी सातला हवालदार बंडप्पांचा फोन आला, तेव्हा उपनिरीक्षक हर्षालीच्या तोंडात ब्रश होता. धाराशिव जिल्ह्यात, मे महिन्यात, होडी! इथं वेळेवर टँकर आला तरी लोक त्याचा फोटो काढतात.

"कसली होडी?"

"रबराची. नारंगी. वर छप्पर बी हाय. अन् बाजूला विमानाचं चित्र काढलंय."

हर्षालीनं ब्रश तिथंच टाकला.

वैमानिक शंतनूचं विमान गायब होऊन दोन दिवस झाले होते. तो तुळजापूरचा. छोटी विमानं समुद्रापार पोचती करणं हा त्याचा धंदा. एकच इंजिन, मागच्या सीटा काढून तिथं इंधनाची जादा टाकी, आणि खाली पाणीच पाणी. धाराशिवच्या धावपट्टीवरच्या एका प्रशिक्षण केंद्रानं आपलं जुनं विमान हिंद महासागरातल्या एका बेटावर विकलं, ते पोचवायचं काम त्याच्याकडे आलं. सोमवारी पहाटे तो निघाला. मंगळवारी सकाळी कोची सोडलं. अडीचशे किलोमीटर समुद्र ओलांडल्यावर त्याचा शेवटचा आवाज आला : इंजिनचं ऑइल प्रेशर पडतंय. मग काहीच नाही.

असल्या विमानात एक पिशवी असतेच. तिच्यात घडी केलेली होडी. दोरी ओढली की फुगते. आत पिण्याचं पाणी आणि आपोआप संदेश पाठवणारं यंत्र. तिला लाइफ राफ्ट म्हणतात. ती येडशीच्या तळ्यात तरंगत होती.

तळ्याच्या काठावरूनच हर्षालीनं किनाऱ्यावरच्या शोधकेंद्राला फोन लावला. तिला वाटलं, मदत करतोय. तीच चूक झाली.

"राफ्ट तिकडं? म्हणजे तो नुसत्या लाइफ जॅकेटवर आहे," तिकडचा अधिकारी म्हणाला. "राफ्ट असता तर आठवडाभर शोधलं असतं. आता आज संध्याकाळी सहाला थांबवतो."

"अहो, असं कसं? काहीच दिसलं नाही का?"

"काल एका मालवाहू जहाजाला लांबून काळं कडं दिसलं होतं. बोटीच्या कडेला टायर बांधतात ना, तसलं सुटलेलं टायर. आमची माणसं नारंगी शोधतायत, मॅडम. आता तेही नाही म्हणता."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

तळं बलभीम नावाच्या शेतकऱ्याचं. वय साठीचं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं, सभोवती नवी कोरी तारेची जाळी. होडी दोरानं खुंटीला बांधलेली.

"ही कुठनं आणली, काका?"

"सापडली."

"कुठं?"

"तळ्यात."

"आकाशातनं पडली?"

बलभीमनं खुंटीचा दोर उगाच आवळला.

"दोरी कुणी ओढली?"

"म्या. काल. भस्सकन् फुगली. लई भ्यालो. आत एक डबडं वाजाया लागलं, ते चिखलात पुरलं."

"जाळी कधी बसवली?"

"गेल्या साली."

त्याची बायको कमलबाई ओट्यावरून म्हणाली, "आरोही गेल्यापासनं. आमची नात. ह्याच तळ्यात." आत भिंतीवर सात वर्षांच्या पोरीचा फोटो होता, त्याला हार. कमलबाईनं हर्षालीच्या हातात ताटली दिली. "खा बाई. अनारसे हाईत. रविवारी पाव्हणे होते, धोंड्याचं जेवण केलतं."

अधिक महिना चालू होता. घरोघरी जावयांचं कोडकौतुक.

निघताना हर्षालीला अंगणात ट्रॅक्टर दिसला. मागची दोन्ही चाकं काढलेली, धूड दगडांवर टेकवलेलं. पेरणी तोंडावर, शेजारच्या सगळ्या रानांत ट्रॅक्टर घरघरतायत आणि हा असा.

"काय झालं ह्याला?"

"पंक्चर," बलभीम म्हणाला.

धावपट्टीवर वेगळाच ताप. केंद्राचे संचालक रणधीर यांनी आधी अर्धा तास बसवून ठेवलं, मग कागद पुढं केला.

"राफ्ट चढवला होता. ही वैमानिकाची सही. आमची जबाबदारी संपली."

"राफ्ट येडशीत आहे."

"मग तो आमचा नसेल."

"त्यावर तुमच्याच केंद्राचं चित्र आहे!"

"चित्र कुणीही काढेल. तुम्ही लेखी विचारा, आम्ही लेखी उत्तर देऊ. सात दिवसांत."

बाहेरच्या बाकावर शंतनूची बायको जाई मंगळवारपासून बसलेली. तिनं शोध बंद होणार असल्याचं ऐकलं होतं. ती रडत नव्हती, चिडली होती.

"समुद्रावर निघाला की तो जॅकेट अंगातनं काढत नाही. पाण्यात पडला तर घाबरणाराही नाही," ती म्हणाली. "अन् पिशवी त्यानं स्वतः वजन करून ठेवली होती. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवल्याशिवाय तो उडत नाही. रिकामी पिशवी त्याला कळली नसती का?"

"उघडून बघत नाही?"

"तिला सील असतं. सील तोडलं की पिशवी बाद. वजन बरोबर म्हणजे पिशवी बरोबर."

भांडारपाल गौरीशंकर चाळिशीचा, मवाळ. त्यानं न मागता वजनाचे दोन्ही कागद काढून दिले. एक शनिवारचा, त्याच्या अक्षरात; दुसरा सोमवारी पहाटेचा, शंतनूच्या.

"काटा एकच?"

"व्हय मॅडम. आडतीवरनं आणलेला, पक्का हाय."

"भांडाराची किल्ली कुणाकडं?"

"माज्याकडं अन् साहेबांकडं."

"रविवारी कुठं होता तुम्ही?"

"सासरवाडीला. धोंड्याला."

"कुठलं गाव?"

"इथंच. जवळ." आणि त्यानं घाईनं चहा मागवला.

हर्षाली जीपमध्ये कागद घेऊन बसली. दहा वस्तू. पाण्याचा कॅन, हत्यारांची पेटी, नकाशे. नऊ वस्तूंचं वजन दोन्ही दिवशी तंतोतंत तेच. दहावी, राफ्टची पिशवी : शनिवारी सोळा किलो आठशे, सोमवारी सतरा किलो चारशे.

ती दहा मिनिटं त्या आकड्याकडं बघत राहिली. मग कपाळावर हात मारला. अडीच वाजले होते. तिनं बंडप्पांना बलभीमला घेऊन यायला सांगितलं.

साडेतीनला भांडाराच्या खोलीत रणधीर, गौरीशंकर, जाई आणि बलभीम एकत्र आले. रणधीर घड्याळ बघत होते.

"वेळ नाही, थोडक्यात सांगते," हर्षाली म्हणाली. "सील केलेल्या पिशवीचं वजन दोन दिवसांत सहाशे ग्रॅमनं वाढलं. एवढ्यानं विमानाला काही होत नाही, म्हणून शंतनूला खटकलं नाही. बाकी एकाही वस्तूचं वाढलं नाही. म्हणजे पिशवी उघडली, राफ्ट काढला, दुसरं काहीतरी भरलं आणि परत सील केलं. सीलचा चिमटा ह्या भांडारात असतो. किल्ल्या दोन."

"माझ्यावर संशय घेताय?" रणधीर उसळले.

"तुम्ही उद्धट आहात, पण तुम्हाला तो राफ्ट काढून मिळणार काय? आता तुम्ही बोला, काका. ही होडी तुमच्याकडं कुणी आणली, ते सकाळपासून तुम्ही सांगत नाही. शेजारी असता तर लगेच नाव घेतलं असतंत. भाऊ असता तरी घेतलं असतंत. पण जावयाविरुद्ध सासरा पोलिसांपुढं तोंड उघडत नाही, तेही धोंड्याच्या महिन्यात. रविवारी तुमच्या घरी पाहुणे होते. रविवारी गौरीशंकर सासरवाडीला होते. कुठलं गाव, ते त्यांना सांगता आलं नाही. मी सांगते. येडशी."

बलभीमनं डोळे मिटून घेतले.

"राहिला एकच प्रश्न, आणि मला खरं म्हणजे तेवढाच महत्त्वाचा आहे. पिशवीत भरलं काय? गौरीशंकर, दगड भरता आले असते. पण तुमच्या सासऱ्यांचा ट्रॅक्टर ऐन हंगामात दगडांवर उभा आहे. दोन्ही मागची चाकं एकाच दिवशी पंक्चर होत नाहीत. चाकांतल्या ट्यूब कुठं आहेत?"

गौरीशंकर खाली बसला.

"दगड टाकायला हात धजला न्हाय," तो म्हणाला. "दोन ट्यूब अन् एक हातपंप. म्हनलं, तरंगंल तरी. धा वर्सं ह्या पिशव्या नुसत्या जात्यात, येत्यात. एक बी कुनी उघडलेली म्या बघितली न्हाय. इथं नुसतं ओझं. तिकडं माजी थोरली आरोही तळ्यात गेली, धाकटी तीन वर्साची हाय. तिची आई म्हनायची, तळ्यावर धरायला कायतरी असल्याशिवाय माहेरात पाय ठेवणार न्हाय."

"मग तळ्यातच ट्यूब का नाही सोडल्या?" हर्षालीनं विचारलं.

उत्तर बलभीमनं दिलं.

"सोडली हुती की. आरोहीनं ट्यूबच धरली हुती. वली झाली, निसटली."

जाई उठून उभी राहिली. "म्हणजे ट्यूबवर भरवसा नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्या पोरीसाठी नको म्हणून ती माझ्या नवऱ्याला दिलीत?"

गौरीशंकरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हर्षालीनं कधीच शोधकेंद्राला फोन लावला होता.

"साहेब धावपट्टीवर गेलेत," तिकडचा कारकून म्हणाला.

"बोलवा."

"तुम्ही मेल करा ना. अधीक्षकांच्या सहीनं."

"मेल वाचेपर्यंत माणूस मरेल! बोलवा त्यांना!"

चार मिनिटांनी अधिकारी आला.

"काल जहाजाला दिसलेलं काळं कडं टायर नव्हतं," हर्षालीनं एका दमात सांगितलं. "टायर पाण्यात बुडतं, साहेब. आमच्याकडं विहिरीत पोहायला शिकलेलं पोरगंही सांगेल. तरंगते ती ट्यूब. वैमानिकाच्या पिशवीत ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब आणि पंप होता. नारंगी शोधू नका. काळं शोधा. कालच्या जागेवरनं पाणी कुठं वाहतंय ते बघा आणि तिथं जा."

"खात्री आहे तुमची?"

"सकाळी मीच तुम्हाला थांबायचं कारण दिलं. ती माझी चूक. आता जायचं कारण देतेय."

शोधाचं विमान आणि मागोमाग हेलिकॉप्टर चारला उडालं. त्यानंतर दीड तास कुणीच काही करू शकत नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. बंडप्पांनी गौरीशंकरला जीपमध्ये बसवलं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, ट्यूबमुळं जर का ते वाचले..."

"राफ्टमध्ये संदेशाचं यंत्र होतं," हर्षाली म्हणाली. "ते तळ्यात फुकट वाजत बसलं असतं, तुमच्या सासऱ्यांनी चिखलात पुरलं नसतं तर. समुद्रात वाजलं असतं तर शंतनू मंगळवारी दुपारीच सापडला असता. ट्यूबचं पुण्य सांगू नका मला."

साडेपाचला फोन वाजला. हर्षालीनं तो सरळ जाईकडं दिला. ती बातमी आधी ऐकायचा हक्क तिचाच होता.

तिकडून कुणीतरी हेलिकॉप्टरच्या आवाजावर ओरडत होतं. दोन ट्यूब पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या. वर माणूस. पाठ भाजलेली, ओठ फुटलेले. जिवंत.

"बोलतोय का तो?" जाईनं विचारलं.

"एकच शब्द, ताई. पाणी मागतोय."

"मग द्या की!" जाई किंचाळली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं. "मला काय विचारताय, द्या की त्याला!"