प्रभाग एकोणीसचा व्यथांक

मैलाशुद्धी केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत सुभद्रा वाघचौरे चपला न काढताच शिरली. ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ ही पाटी तिनं वाचली होती. पण जिथं अख्ख्या कासारपूरचा मैला तपासतात, तिथं आपल्या चपलांनी काय सोवळं मोडणार आहे?

“डॉक्टर टेमकर कोण?” तिनं दारातूनच विचारलं.

काचेच्या कपाटाआडून पांढऱ्या अंगरख्यातली एक किडकिडीत बाई पुढं आली. “मीच. आपण?”

“मी सुखी माणूस,” सुभद्रा म्हणाली. “प्रभाग एकोणीसची नगरसेविका. शहरातला सगळ्यात सुखी प्रभाग. तुमच्याच यंत्रानं ठरवलंय. व्यथांक शून्य! म्हटलं, एवढं सुख वाटणारी देवी आहे तरी कशी, दर्शन घ्यावं.”

तिच्या रागाला कारण होतं. वस्तीविकास निधी आधी कोणत्या प्रभागाला द्यायचा, हे कासारपूर महानगरपालिकेत वर्षानुवर्षं एकाच रीतीनं ठरत आलं होतं. ज्याचा घसा मोठा, त्याचे रस्ते गुळगुळीत. प्राधान्यक्रमाची सभा म्हणजे माईकची मोडतोड, महापौरांपुढच्या राजदंडाची पळवापळवी आणि शेवटी आतल्या खोलीत चहा पिऊन झालेली वाटणी. नव्या आयुक्तांना हा तमाशा असह्य झाला. त्यांनी डॉ. विशाखा टेमकर यांचं संशोधन आणलं आणि जाहीर केलं, की यापुढं प्राधान्य नगरसेवक ठरवणार नाहीत, नागरिकांची शरीरं ठरवतील. वर्तमानपत्रांनी टाळ्या पिटल्या. नगरसेवकांनीही पिटल्या, कारण न पिटून सांगतात कोणाला!

“बसा ना,” टेमकर म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही. यंत्र कसं चालतं ते सांगा. मी अठरा वर्षं सरकारी दवाखान्यात रक्त-लघवीच्या तपासण्या केल्यात, तेव्हा लहान मुलाला सांगतात तसं नको.”

टेमकरांचा चेहरा जरा उजळला. त्यांना समजणारं माणूस फार दिवसांत भेटलं नसावं. “मग सोपं आहे. माणूस धास्तावला की शरीरात कॉर्टिसॉल वाढतं. त्याचे अवशेष लघवीतून बाहेर पडतात. प्रत्येक प्रभागाच्या मुख्य मलवाहिनीत आम्ही एक व्यथामापक बसवलाय. तो हे अवशेष मोजतो.”

“एकट्यादुकट्याचं दुखणं?”

“छे. सगळ्या प्रभागाचं एकत्र. आठवड्याची बेरीज करायची आणि जोडणी असलेल्या लोकसंख्येनं भागायचं. दरडोई जे येतं तो व्यथांक. अर्जात खोटं लिहिता येतं, मोर्चाला माणसं भाड्यानं आणता येतात, पण लघवीला खोटं बोलता येत नाही.”

“आणि ज्यांना जोडणीच नाही?”

टेमकरांनी टेबलावरची प्रभागांची यादी पुढं ओढली.

“माझा अख्खा प्रभाग म्हणजे खाणवस्ती,” सुभद्रा म्हणाली. “जुन्या दगडखाणीच्या कडेला चार हजार माणूस राहतं. मलवाहिनीचं एक नळकांडं नाही. सार्वजनिक संडासांखाली साठवण टाक्या आहेत, त्या झिरपतात आणि पिण्याच्या पाण्यात उतरतात. गेल्या पावसाळ्यात काविळीनं तीन मुलं गेली. फुलाबाई सोनवणेची नात तर माझ्या मांडीवर गेली हो! त्या पोरीच्या मयतीत मी शब्द दिलाय, पुढच्या पावसाळ्याआधी मलवाहिनी आणीन. ती निधीतूनच येणार. निधी व्यथांकावर, व्यथांक मलवाहिनीवर. आता बोला.”

टेमकर संगणकाकडं वळल्या. त्यांनी पडद्यावर सगळ्या प्रभागांचे आलेख लावले. चूक कळली की खजील होण्याआधी ती तपासायला धावणारी ही बाई होती. सुभद्राला तेवढं आवडलं, पण ती तसं बोलली नाही.

सगळ्यात उंच आलेख प्रभाग सातचा होता. गुलमोहर कॉलनी! बंगले, झाडं, प्रत्येक फाटकाशी पहारेकरी.

“या मेल्यांना कसली व्यथा?” सुभद्रा उसळली. “कुत्र्याला जुलाब झाल्याची?”

“मलाही ते कोडंच होतं. मी समजत होते श्रीमंतांना काळज्या जास्त असतात,” टेमकर म्हणाल्या. “पण हे बघा. इतर प्रभागांची रेघ रोज थोडी वरखाली होते. यांची सहा दिवस जमिनीला टेकलेली आणि मंगळवारी दुपारी एकदम आभाळाला.”

मंगळवार म्हटल्याबरोबर सुभद्रानं त्या उंच रेघेवर बोट ठेवलं. मंगळवारी खाणवस्तीच्या टाक्या उपसायला गाडी यायची. ती गाडी तिनंच भांडून मिळवली होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना तिचा हात जोडलेला फोटो होता आणि खाली ‘नगरसेविका सौ. सुभद्राताई वाघचौरे यांच्या अथक प्रयत्नांतून’ असं लिहिलेलं. गाडी भरून टेकडी उतरते हे तिला ठाऊक होतं. पुढं ती कुठं जाते, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. रंगाऱ्याकडून फोटोतलं कुंकू दोनदा नीट करून घेतलं होतं, तेवढं मात्र आठवणीनं केलं होतं.

पुढच्या मंगळवारी दोघी रिक्षानं गाडीमागून गेल्या. गाडी सरळ गुलमोहर कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबली, चालकानं मॅनहोलचं झाकण उघडलं आणि चार हजार माणसांची आठवडाभराची धास्ती सातव्या प्रभागाच्या वाहिनीत सोडून दिली.

“कॉलनीत जेमतेम सहाशे डोकी,” टेमकर पुटपुटल्या. “चार हजारांचं दुःख भागिले सहाशे. म्हणून एवढा आकडा.”

“म्हणजे रडायचं आम्ही आणि बागा फुलवायच्या यांनी,” सुभद्रा म्हणाली आणि तिथंच रस्त्यावर थुंकली. सातव्या प्रभागानं त्या वर्षीच्या निधीतून हास्यक्लबसाठी वातानुकूलित भवन मागितलं होतं.

सर्वसाधारण सभेत सुभद्रानं आधी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. पण ती उभी राहताच मागून कोणीतरी “सुखी प्रभागाचं अभिनंदन!” म्हणून ओरडलं आणि सभागृह खिदळलं. मग तिनं पदर खोचला, पुढं जाऊन महापौरांसमोरचा राजदंड उचलला आणि तो काखेत धरूनच सगळं सांगितलं. टेमकरांनी आलेख दाखवून दुजोरा दिला.

खिदळणं थांबलं. सातव्या प्रभागाचे नगरसेवक निरंजन पाटणकर उठले. त्यांचा सदरा नेहमी इस्त्रीचा आणि आवाज त्याहून इस्त्रीचा.

“सुभद्राताई, आपण यालाही चोरी म्हणणार?” ते म्हणाले. “खाणवस्तीचं दुःख कोणी जवळ करत नव्हतं. आमच्या कॉलनीनं ते पोटात घेतलं. वास सहन केला.”

“आयजीच्या जिवावर बायजी उदार!” सुभद्रा कडाडली. “पाटणकर, पोटात घ्यायचंच असेल तर आमच्या टाकीतलं पाणी घ्या एकदा. काविळीसकट पोटात जाईल.”

आयुक्तांनी नियम वाचून दाखवला. मैला ज्या प्रभागाच्या वाहिनीत पडेल, व्यथा त्या प्रभागाची. सरकारची मंजुरी याच नियमाला असल्यामुळं तो बदलायला दोन-तीन वर्षं लागतील. मात्र एकाच प्रभागानं गाडी रिकामी करून घेणं अन्यायाचं आहे, हे त्यांनाही पटलं.

“मग उपाय सरळ आहे,” सुभद्रा म्हणाली. “खाणवस्तीत मलवाहिनी टाका. आमची व्यथा आमच्या नावावर लागेल.”

त्या क्षणी तिला खरंच वाटलं, की जिंकलो. चोरी उघडी पडली होती, चोर समोर होता, हिशेब कोणालाही कळेल असा होता. आणि हिशेब सगळ्यांना कळलाच होता. चाळीस नगरसेवक तो मनातल्या मनात करत होते.

ठराव दोन झाले. पहिला एकमतानं आणि बाकं वाजवून: यापुढं खाणवस्तीची गाडी दर मंगळवारी वेगळ्या प्रभागात, चिठ्ठ्या टाकून, आळीपाळीनं रिकामी करावी. ‘दुःखाचं समन्यायी वाटप’ असं त्याचं नावही ठरलं. दुसरा ठराव खाणवस्तीच्या मलवाहिनीचा. बाजूनं एक मत. ते सुभद्राचं.

सभा संपल्यावर जिन्यात तिनं पाटणकरांची वाट अडवली. “तुमचं एक सोडा. पण बाकीच्यांना मी काय केलंय? हे तर माझ्याच बाजूचे, झोपडपट्टीतून निवडून आलेले!”

“ताई, तुम्ही प्रयोगशाळेत काम केलेलं माणूस. एवढं कळू नये?” पाटणकर प्रेमानं म्हणाले. “वाहिनी टाकली की तुमचं दुःख तुमच्या प्रभागात अडकलं. पहिल्याच वर्षी सगळा निधी तुम्हाला, आम्ही सगळे कोरडे. गाडीतून फिरतंय तोवर ते सगळ्यांचं आहे. आजवर मी एकटा तुमच्या वाहिनीच्या आड होतो. आता सगळं शहर आहे. आणि हे तुम्हीच केलंत.”

सुभद्राचा हात उठला होता. तो तिनं कठड्यावर आपटला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं पूर्वी ती दुसऱ्यांना हसून म्हणायची.

पुढच्या सोमवारी खाणवस्तीत बुलडोझर आला.

नोटीस नाही, अधिकारी नाही. पिवळं धूड चढ चढून आलं, पहिल्या ओळीतल्या घरांसमोर दात उगारून उभं राहिलं आणि घरघरत राहिलं. बायका भांडीकुंडी बाहेर काढू लागल्या, म्हाताऱ्यांनी छातीला हात लावले, पोरं रडायला लागली. सुभद्रा धावत आली आणि दातांसमोर आडवी झोपली. अर्ध्या तासानं बुलडोझरनं तोंड फिरवलं आणि आला तसा टेकडी उतरून गेला. लोकांनी ताईला खांद्यावर घेतलं. तिलाही वाटलं, आपण अडवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेमकरांचा फोन आला. त्यांचा आवाज चिरकत होता. “ताई, काल वस्तीत काय झालं? आज चिठ्ठी बाराव्या प्रभागाची होती. व्यथांक तिप्पट आलाय!”

सुभद्राला एकदम सगळं दिसलं. सोमवारची भीती सोमवारी रात्रीपर्यंत टाकीत आणि मंगळवारी ताजी ताजी गाडीत. पुढच्या सोमवारी ती बुलडोझरसमोर झोपली नाही. केबिनमध्ये चढून तिनं चालकाची कॉलर धरली. “खरं सांग, पाडायचा हुकूम आहे?”

“नाही हो ताई,” तो हात जोडून म्हणाला. “इंजिन चालू ठेवायचं, अर्धा तास थांबायचं, परत यायचं. पाडायचं तर अजिबात नाही, असं पाटणकरसाहेब नि बाकीचे नगरसेवक म्हणाले. वस्ती मोडली तर काय उपयोग, असं म्हणाले.”

त्या आठवड्यात सुभद्रा घरोघर फिरली. तिनं प्रत्येकाला समजावलं, की ते धूड खोटं आहे, आपल्याला भिववून आपली भीती भरून नेण्याचा धंदा आहे. आपण भ्यायलो नाही तर त्यांच्या हाती काही लागणार नाही. मग गाडी कोणालाच नको होईल आणि मलवाहिनीला कोणी आडवं येणार नाही. “निव्वळ हसायचं,” ती म्हणाली. “मनापासून. वरवरचं हसून भागणार नाही.”

“मनापासून बरं,” फुलाबाई म्हणाली. “नात गेल्यापासून सवय राहिली नाही, पण तू म्हणतेस तर बघते.”

आणि वस्ती हसली! सोमवारी बुलडोझर आला तर पोरांनी त्याच्या साखळीला झेंडूची फुलं बांधली. कोणीतरी चालकाला चहा दिला. फुलाबाई पहिल्या ओळीतल्या आपल्या उंबऱ्यात बसून तूर निवडत होती. तिनं त्या लोखंडी दातांकडं बघून “ये रे बाबा, दात घासून देते” म्हटलं. सगळे पोट धरून हसले. मंगळवारी व्यथांक सपाट पडला. चिठ्ठी सातव्या प्रभागाची होती. टेमकरांनी आनंदानं फोन केला आणि सुभद्रानं देवापुढं साखर ठेवली.

लघवीला खोटं बोलता येत नाही, हे पाटणकरांनाही ठाऊक होतं. खोट्या भीतीचं काम संपलं होतं.

त्याच्या पुढच्या सोमवारी बुलडोझरवर चालक दुसरा होता. पोरं फुलं घेऊन धावली. फुलाबाई उंबऱ्यातच होती, मांडीवर सूप होतं. बुलडोझर थांबला नाही. कोणीतरी किंचाळून तिला हाताला धरून ओढलं तेवढंच. दातांनी दाराची चौकट धरली, पत्रा आडवा झाला, भिंत आत पडली. दुसऱ्या घराला त्यानं खरचटवलंसुद्धा नाही. एक घर पाडलं, शिस्तीत मागं वळला आणि गेला.

धूळ हळूहळू बसली. टेमकरांचं यंत्र मंगळवारी काय दाखवणार, हे सुभद्राला त्या क्षणीच कळलं. आजवर शहरात कुठंच आला नसेल असा आकडा. आणि दर आठवड्याला तो तसाच यावा म्हणून दर सोमवारी एकच घर पुरणार होतं. कोणतं, एवढं फक्त कोणाला सांगायचं नाही. तिला स्वतःची इतकी चीड आली की दोन्ही हातांनी तोंड झोडून घ्यावंसं वाटलं. मनापासून हसा, असं तिनंच घरोघर जाऊन सांगितलं होतं.

फुलाबाई मातीत सांडलेल्या तुरीकडं बघत उभी होती. रडत नव्हती. तिनं मान वर केली. तिच्यामागं सगळी वस्ती उभी होती.

“सुभद्रे,” तिनं विचारलं, “पुढच्या सोमवारी कोणाचं?”

“कोणाचंच नाही,” सुभद्रा म्हणाली.

तिच्यासकट एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही.