पाळणा वर का आला नाही

‘ऑपरेटरचा हेतू : पाळणा खालीच ठेवणे. आज्ञा रद्द.’

पडद्यावरची ओळ वाचून सुगंधा तांडेल किंचाळली. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रतळ खणणाऱ्या जहाजावर ती पाळणा चालवायची. पाळणा म्हणजे पाणबुड्यांना खाली-वर नेणारी पोलादी कोठी. आत्ता त्या कोठीत तिचा नवरा रमाकांत होता आणि त्याची हवेची नळी फाटली होती. “वर ओढ!” तो माइकवर ओरडला होता. तिने दांडा वर ढकलला होता. पाळणा तसूभरही हलला नाही.

शेवटी खलाशांच्या मुकादमाने, सारंगाने, धावत येऊन पाळण्याच्या यंत्रणेतला मनकवडा बंद केला, तेव्हा कुठे पाळणा वर आला. रमाकांत बेशुद्ध होता, पण जिवंत होता.

चौकशीला डॉ. हेमलता शेवडे आल्या. मनकवडा हे त्यांच्याच चमूने घडवलेलं संगणकी मदतनीस.

“दांडा मी वरच ढकलला होता, डॉक्टर. त्याने माझं ऐकलं का नाही?”

“कारण तो हाताचं ऐकत नाही, सुगंधाताई. हेतूचं ऐकतो.”

हेलकावणाऱ्या जहाजावर माणसाचा हात चुकतो. ‘वर’ म्हणता म्हणता दांडा खाली जातो. म्हणून मनकवडा नजर, श्वास, मुठीचा दाब, आवाज हे सगळं सतत जोखतो आणि माणसाला खरोखर काय करायचंय ते ताडतो. हात आणि हेतू जुळले नाहीत, तर तो हात चुकला असं धरतो. त्याच्यामुळे कितीतरी पाणबुडे वाचले होते.

“त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं?”

“झालं होतं. माझ्या आजारी आईला त्याने मला न विचारता माझ्या भावाकडे पोचवलं. तो खाली उतरत असताना मी माइकवर म्हणाले, ‘आता खालीच राहा.’ रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो!”

“ते मनकवड्याने ऐकलं. राग आणि इरादा यांतला फरक त्याला कळला नाही. चूक यंत्राची आहे, मी तसंच कळवणार.”

सुगंधाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिने विचारलं, “तुमची खात्री आहे?”

डॉक्टरांनी चौकशीची वही मिटली. “तो क्वचितच चुकतो. पण तुमच्या मनात काय होतं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?”

रमाकांतची हाक आणि तिचा हात हलणं, यांच्यामध्ये एक क्षण गेला होता. त्या क्षणात भीती होती की आणखी काही, हे तिला कितीही आठवून सांगता येईना.

रमाकांत घरी आला. तिने चहा पुढे केला.

“यंत्राची चूक होती म्हणे,” तो म्हणाला.

“हो. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“तू सांग ना.”

“माझ्या मनात तसलं काही नव्हतं रे.”

त्याने मान डोलावली, पण कप घेतला नाही. तो तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. बशीवर घट्ट आवळलेल्या तिच्या बोटांवर नजर रोखून तो तिचा श्वास ऐकत होता.