चालू असताना चालू नये

कन्नमवार नगरातल्या त्या इमारतीत गणपतीपाशी रात्री जागायला दरवर्षी पोरं असतात आणि अण्णा असतात. पोरं पत्ते खेळतात, अण्णा समईत तेल घालतात. त्या रात्री पत्त्यांतला बदामचा एक्का कुठे गेला कुणास ठाऊक, डाव मोडला, आणि कृणाल म्हणाला, "अण्णा, एखादी भुताची सांगा ना. झकास पाहिजे पण."

"बाप्पासमोर?" मनालीने विचारलं.

"बाप्पासमोर सांगतोय म्हणजे खोटं सांगणार नाही," अण्णा म्हणाले. "आणि लांबची नाही. आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या रामनाथची आहे. तो सध्या गावी गेलाय, म्हणून सांगतो. त्याच्यासमोर काढायची नाही."

त्यांनी समईची वात सारखी केली आणि सांगायला लागले.

२०२३ सालचा डिसेंबर, बारा तारीख, मंगळवार. कार्तिकातली अमावास्या होती. जेवणं झाल्यावर रामनाथने माझ्या दारात येऊन किल्ली दिली. म्हणाला, "अण्णा, सकाळी दुधाची पिशवी तेवढी घ्या. मी कामावर चाललोय, रात्रभर थांबेन." हातात पत्र्याची छोटी डबी होती. त्याच्या बायकोची, सगुणाची, बटणं ठेवायची.

कामावर म्हणजे इथेच, विक्रोळीत, जुन्या कारखान्यांच्या मागे, खारफुटीला लागून असलेल्या प्रयोगशाळेत. तिथे रामनाथ एक मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र चालवतो. कारखान्यांतले मोडके भाग येतात, ते का मोडले हे ते यंत्र धातूच्या पोटात शिरून दाखवतं. त्याच्यात दोन झोत असतात. एक झेनॉन वायूच्या प्लाझ्मातून, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूतून येतो, तो कापतो. दुसरा पाहतो. केसाहून कितीतरी पातळ काप काढायचा, खालचं चित्र घ्यायचं, मग पुढचा काप. गंमत अशी, की पुढचं पाहायचं तर पाहिलेलं उडवावं लागतं. ते परत मिळत नाही.

आणि एवढं मोठं करून दाखवायचं, तर खोलीत कुणी नुसतं पाऊल टाकलं तरी चित्राला हिसका बसतो. आडवा ओरखडा उमटतो. म्हणून रामनाथने स्वतःच्या हाताने पाटी लिहून दारावर लावली होती. 'मशीन चालू असताना चालू नये.'

"म्हणजे चालू की नको?" कृणाल हसला.

सगुणाही अशीच हसली होती. एकदा डबा द्यायला गेली तेव्हा पाटी वाचून त्याला म्हणाली, "अहो, एकदा म्हणता चालू, एकदा म्हणता चालू नये. माणसाने करायचं काय?"

मग त्याच साली पावसाळ्यात ती रिक्षातून पडली. मांडीचं हाड मोडलं, स्टीलची पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू भार द्या. आता हळूहळू म्हणजे किती, हे कोण सांगणार? रामनाथ रोज संध्याकाळी तिला जिन्यात आणायचा. "चाल गं. चालल्याशिवाय पाय मोकळा होत नाही." ती चालायची. चांगला पाय जोरात, दुखरा अलगद. माझ्या दारापर्यंत आवाज यायचा. ठक… टुक. ठक… टुक. कधी मला म्हणायची, "अण्णा, तुम्ही तरी सांगा ह्यांना, आज सुट्टी द्या." मी हसण्यावारी न्यायचो.

दिवाळी झाली आणि जिन्याच्या वळणावर ती पट्टी तुटली. पुन्हा ऑपरेशन ठरलं, पण त्याआधीच रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली, आणि सगुणा काही घरी आली नाही.

सावडायला मीही गेलो होतो. राखेत पट्टीचे दोन तुकडे निघाले, काळेनिळे. गुरुजी म्हणाले, अस्थींबरोबर सोडा. एक तुकडा मडक्यात गेला. दुसरा रामनाथच्या खिशात गेलेला फक्त मी पाहिला.

दहाव्याला कावळा शिवेना. समोर फांदीवर बसलेला, पण खाली उतरेना. गुरुजींनी विचारलं, "काही राहिलंय का त्यांचं? असेल तर बोला, शब्द द्या." रामनाथचा हात खिशात होता. म्हणाला, "काही नाही." शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. पट्टीत घडवतानाच दोष राहिला होता, की त्याने तिला वेळेआधी चालवलं? धातू थकतो, पोरांनो. प्रत्येक पावलाला भेग जरा जरा पुढे सरकते. ही भेग सुरू कुठे झाली, एखाद्या पोकळीपाशी की निर्दोष धातूत, हे पाहायचं होतं. तुटलेलं तोंड चितेत जळून गेलं होतं. वरून काही कळणार नव्हतं. आत शिरायला हवं होतं.

डबीतल्या तुकड्याची चकती कापून त्याने मशीनमध्ये लावली. आतली हवा पंपाने काढली. दार लावलं आणि बसला.

चित्रं यायला लागली. एकमेकांना चिकटलेले धातूचे करडे दाणे, आणि त्यांतून उतरणारी काळी भेग. काप, चित्र. काप, चित्र. असं बराच वेळ चाललं.

मग एका चित्रात ओरखडा आला.

हायवेवरून ट्रक गेला असेल, असं त्याला वाटलं. पण त्या मशीनचा पाया हायवेचा हादरा वर येऊच देत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

पुढच्या चित्रात दोन. एक ठळक. एक फिका.

त्याने कान दिला. पंपाची घरघर. बाकी काही नाही. खोलीत कुणी नाही. दारही बंद.

पुढचं चित्र. ठळक, फिका. ठळक, फिका.

तो उठला नाही. उठला असता, तर त्याचीच पावलं चित्रात आली असती.

ओरखडे वाढत होते. म्हणजे… जवळ येत होते.

आवाज नव्हता. चाल तेवढी दिसत होती. चांगला पाय जोरात. दुखरा अलगद.

"सगुणा…"

ठळक. फिका.

"दमली असशील."

ठळक… फिका. आता अगदी मोठे. अगदी पाठीशी. त्याने मान वळवली नाही. समोर भेग उतरत होती. पोकळी दिसते का, एवढंच पाहायचं होतं. थोडे काप राहिले होते. प्रत्येक कापाला एक चित्र. प्रत्येक चित्रात तिची पावलं.

मेल्यावरही तो तिला चालवत होता.

त्याचा हात बटणाकडे गेला. कापणारा झोत थांबला. आणि जन्मात तिला कधी सांगितलं नव्हतं ते त्याने सांगितलं.

"बस गं. आता चालू नकोस."

पुढचं चित्र आलं.

स्वच्छ. एकही ओरखडा नाही.

अण्णा थांबले.

"मग दोष होता की नाही?" मनालीने हळूच विचारलं.

"पाहिलंच नाही त्याने. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खाडीत सोडला. मी विचारलं त्याला. म्हणाला, 'अण्णा, ती रोज सांगत होती, आज नको. तेव्हा ऐकलं नाही. आता लोखंडाला काय विचारायचं?'"

"पण म्हणजे," कृणाल म्हणाला, "त्याला भास झाला असेल ना, अण्णा? झोप नाही, दुःख…"

"असेल. मीही तेच म्हटलं असतं." अण्णांनी समईकडे पाहिलं. "पाहणारा झोत त्याने बंद केला नव्हता. मशीन रात्रभर त्याच जागेची चित्रं घेत राहिलं, आणि तो हलला नाही. उजाडल्यावर तोंड धुवायला उठला. तेवढ्यात नेत्रा आली, त्याच्या हाताखालची मुलगी. तिला यातलं काहीच ठाऊक नाही. चित्रं पाहून वैतागली. 'काका, पाटी तुम्हीच लिहिलीत ना? मग रात्री कुणाला चालू दिलंत इथे?' तिने सगळी चित्रं ओळीने लावली. ओरखडे वाढत गेलेले, म्हणजे दाराकडून मशीनकडे कुणीतरी आलेलं. लंगडत. मग रात्रभर स्वच्छ. आणि उजाडल्यावर रामनाथ उठला, ती त्याची पावलं. सरळ, बाहेर जाणारी."

"आणि ती लंगडणारी पावलं?" मनालीने विचारलं.

"नेत्रानेही हेच विचारलं. 'येतानाची आहेत, काका… जातानाची कुठे आहेत?'"