तिसऱ्या पिस्टनचं लॉक

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. गोदावरीच्या पुलावरूनच तो आवाज सुटला होता, फाटक्या सायलेन्सरचा, भसाडा, कान किटवणारा. गंगाखेडच्या परभणी रस्त्यावर चहावाल्यानं, न्हाव्यानं, पंक्चरवाल्यानं एकदमच माना वळवल्या. निळ्या धुराचा लोट सोडत एक जुनी पिकअप आली, आश्रुबा मिस्त्रींच्या गॅरेजसमोर तिनं दोन आचके दिले आणि मटकन बसली.

"भाऊ, इंजिन बंद करा आधी! जीव घेता का तिचा?"

पिकअपमधून उतरलेल्या तरुणानं इकडंतिकडं पाहिलं. "मिस्त्री कुठं हायत?"

"समोर उभी हाय की."

जीपखालून निघालेली आश्रुबांची मुलगी मंजुषा ओढणी कमरेला खोचून, हातातला पान्हा पुसत उभी होती. तो बघतच राहिला. "म्हंजे... तुमी?"

"का? पान्हा काय मिशा बघून फिरतो?"

न्हावी खो खो हसला. तरुणाचे कान लाल झाले, आणि ते लाल कान मंजुषाला उगीचच आवडले. आता याला काही कारण असतं का? नसतं. पण सगळ्या उचापतींची सुरुवात अशीच बिनकारणाची असते, बघा.

त्याचं नाव रुद्रेश. पोखर्णीला घरचं सरकी पेंडीचं दुकान, आणि ही पिकअप दुकानाइतकीच जुनी. मंजुषानं बॉनेट उघडलं, ऑइलची काठी ओढून पाहिली आणि मान हलवली.

"ही डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायली. इंजिन नव्यानं बांधावं लागंल. धुराडं तर सगळं सडलंय."

"बांधा. पण भंगारात घाला म्हनू नका. लय जीव हाय माझा हिच्यावर."

ते वाक्य पिकअपबद्दल होतं. तरी मंजुषानं काठी पुन्हा एकदा पुसली, उगीचच.

त्या संध्याकाळी वडील, म्हणजे आश्रुबा मिस्त्री, खुर्चीवर बसून आपल्या उजव्या हाताकडं बघत होते. वर्षभरापासून तो हात थरथरत होता. चहाची बशीसुद्धा धरवत नव्हती, तिथं पान्हा कुठला धरवणार! लातूरची आत्या, बायनाबाई, रोज फोन करायची. गॅरेजला कुलूप लाव, पोरीला घेऊन इकडं ये, पोरीच्या जातीनं किती दिवस काळे हात करायचे? आणि मंजुषानं आजवर ब्रेक केले होते, क्लच केले होते. अख्खं इंजिन मात्र एकटीनं कधीच बांधलं नव्हतं.

"हे तुझं इंजिन," आश्रुबा म्हणाले. "मी बोट लावनार न्हाई. नीट चाललं तर गॅरेज तुझं. न्हाई चाललं, तर मंजे, बायना म्हनती ते खरं. लातूरला जायचं."

मंजुषानं मान डोलावली. गॅरेज गेलं तर तिच्याजवळ तिचं असं उरणार काय होतं?

इंजिन खाली उतरलं. तुकडे तुकडे होऊन तरटावर पसरलं. आणि रुद्रेश रोज यायला लागला.

कधी "बोअर करून आलं का बघायला," कधी "गॅस्केट मिळालं का इचारायला." हातात आईनं केलेले धपाटे असायचे, फडक्यात बांधलेले. तो जुन्या टायरवर बसायचा, आश्रुबांशी पेंडीच्या भावावर बोलायचा आणि डोळे मात्र... जाऊ द्या, डोळे कुठं असायचे ते न्हाव्यालासुद्धा ठाऊक होतं.

"तुमाला दुकान न्हाई का?" ती जॅक फिरवत विचारायची.

"आई बसती ना."

"रोज कामून यायलात पन?"

"गाडी एकटी पडलीय तुमच्याकडं. परक्या घरी करमत नसंल तिला."

"चांगलं करमायलंय तिला. तुमचंच काय ते बघा."

"माझं तर न्हाईच करमत... पोखर्णीत," तो हळूच म्हणायचा, आणि मंजुषाच्या हातातून नट निसटून थेट तरटाखाली जायचा.

त्या गॅरेजात येणारा प्रत्येक पुरुष 'भाऊ' होता. ट्रॅक्टरवाला भाऊ, दूधवाला भाऊ, साठीचे सटवाजी पाटीलही भाऊच. मुलीनं असल्या धंद्यात राहायचं तर 'भाऊ' हा शब्द कुंपणासारखा उभा ठेवावा लागतो, हे वडिलांनीच शिकवलेलं. रुद्रेशलाही पहिल्या दिवशी ती भाऊच म्हणाली होती. त्यानंतर मात्र एकदाही नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं तिला वाटत होतं. वेडी कुठली!

पिस्टन भरायचा दिवस आला तेव्हा तिला सकाळपासून जेवण गेलं नव्हतं. पिस्टनमध्ये एक पिन असते, आणि ती पिन सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेचं बारीक कडं बसवतात. त्याला लॉक म्हणायचं. करंगळीच्या नखाएवढी चीज, पण ती नसली तर पिन हळूहळू बाहेर येते, नव्या स्लीव्हला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला, फाडत जाते आणि भर रस्त्यात इंजिन जाम. लॉक खाचेत बसलं की 'टक' असा आवाज येतो. मंजुषा प्रत्येक वेळी तो टक ऐकत होती. पहिला पिस्टन. दुसरा. तिसऱ्याची एक बाजू झाली... टक.

"मिस्त्री," टायरवरून आवाज आला.

"हं?"

"गालाला ग्रीस लागलंय."

तिनं हाताच्या मागच्या बाजूनं गाल पुसला.

"आता जास्तच झालं," तो म्हणाला. "तसं... वंगाळ न्हाई दिसत. राहू द्या."

मंजुषानं वर पाहिलं आणि तोही बघत होता. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, कारखान्याकडून मळीचा गोडसर वास आला, आणि कितीतरी वेळ दोघांनाही कळलं नाही की आपण नुसतेच बघतोय. मग आश्रुबा खोकले. ती दचकली आणि घाईघाईनं पुढच्या पिस्टनकडं वळली.

दोन दिवसांनी सेल्फ मारला. पहिल्यांदा नुसतीच घरघर... आश्रुबा खुर्चीतून अर्धे उठले. पुन्हा सेल्फ, आणि इंजिन सुरू झालं! थोडा पांढरा धूर आला, विरला, आणि मागून स्वच्छ हवा. धुराडं तिनं सगळं नवं वेल्डिंग करून बसवलं होतं. आवाज इतका मऊ की गाडी चालू आहे की बंद, ते बॉनेटला हात लावून बघावं लागलं.

"ही माझीच गाडी हाय ना?" रुद्रेश म्हणाला. "बोलंनाच झालीय माझ्याशी!"

"नवं इंजिन हाय. पळवू नका, चाळीसच्या वर जाऊ नका. आजच्या दिवस माल भरू नका."

"उद्या वालूरला पेंड न्यायचीय. भरू ना उद्या?"

"भरा. पन दमानं."

तो निघाला. वळणावर हात बाहेर काढून हलवला. पूर्वी पुलापलीकडूनही ऐकू येणारी गाडी, आता वळली आणि जशी नव्हतीच. हे आपणच केलं, तिला वाटलं. आता तो आला तरी आधी कळणार नाही... पण आता तो येईल तरी कशाला?

मन रमवायला तिनं झाडू घेतला. तरट उचललं आणि हात जागच्या जागी थांबला.

खाली नवंकोरं, चकचकीत लॉक पडलं होतं.

जुनी लॉकं काळी पडलेली, ती डब्यात होती. हे नवं होतं. पाकिटात मोजून तेवढीच आली होती, एकही जास्त नव्हतं. मंजुषानं डोळे मिटले आणि टक, टक, टक आठवत गेली... पहिला, दुसरा, तिसऱ्याची एक बाजू. आणि मग, 'गालाला ग्रीस लागलंय.'

माय गं! दुसरा टक आलाच नव्हता.

तिनं फोन लावला. नुसताच वाजत राहिला. पुन्हा लावला. खुर्चीत बसलेल्या वडिलांकडं तिनं पाहिलं. इंजिन चालू झाल्यापासून त्यांच्या तोंडावर किती महिन्यांनी हसू आलं होतं. सांगितलं तर हे हसू जाणार, गॅरेज जाणार. नाही सांगितलं तर... उद्या तो माल भरणार, वालूरचा रस्ता, समोरून उसाच्या ट्रॉल्या. इंजिन जाम झालं, गाडी जागीच अडली तर? तिनं लॉक उचलून मुठीत घट्ट धरलं.

"बाबा, तिसऱ्या पिस्टनला लॉक बसवायचं राहिलं," ती एका दमात म्हणाली. "मी जायले त्यांच्यामागं."

हसू गेलंच. पण आश्रुबांनी खिशातून स्कूटीची चावी काढली आणि थरथरत्या हातानं पुढं धरली.

पुलावरून जाताना वारा कानात शिरत होता आणि ती कान टवकारून ऐकत होती. पण ऐकणार काय? त्या भसाड्या आवाजानंच तर तो पहिल्यांदा आला होता. आता पुढं ट्रॅक्टर, एसटी, मोटारसायकली, सगळ्यांचे आवाज येत होते. तेवढा एकच नव्हता. पोखर्णीच्या नरसिंहा, तुझ्या गावचं माणूस हाय, सांभाळ रे...

"ओ मिस्त्री! ओ!"

तिनं ब्रेक दाबला. मागं, चहाच्या टपरीपाशी पिकअप उभी होती आणि रुद्रेश हातात कप घेऊन रस्त्यावर धावत आला होता. ती त्याच्या नाकासमोरून निघून गेली होती.

"कुनाला हुडकायलात?"

"चावी! चावी द्या आधी. गाडी चालू करायची न्हाई." तिला धाप लागली होती. "फोन कामून उचलत न्हाई तुमी?"

"फोन गाडीत हाय. काय झालं, सांगा तरी."

तिनं मूठ उघडली. तळव्यावर ते एवढंसं लॉक. घामानं ओलं.

"हे आत पाहिजे होतं. बाहेर राहिलं. माल भरून गेला असतात तर... तर मी..."

रुद्रेशनं लॉककडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुमी तर एकेक नट दोनदा बघता. हे राहिलं कसं?"

"माझं ध्यान नव्हतं."

"कुठं होतं?"

उसाची एक ट्रॉली गेली. दुसरी गेली. मंजुषा ट्रॉल्यांकडंच बघत म्हणाली, "ते ग्रीस लागलंय म्हनलात ना तुमी... तवा राहिलं."

त्याला हसू आलं नाही. उलट तोच गोरामोरा झाला. "म्हंजे चूक माझी हाय."

"न्हाई. काम माझ्या हातात होतं."

रिकाम्या ट्रॅक्टरला दोर बांधून पिकअप परत आणली. सकाळी ऐटीत गेलेली गाडी दुपारी दोराला बांधून परत येते, ते अख्ख्या परभणी रस्त्यानं पाहिलं. न्हाव्यानं वस्तरा हातात धरून पाहिलं. मंजुषा मान खाली घालून स्कूटीवरून मागं मागं येत होती. रडायचं नाही, रडायचं नाही, असं मनात चाललेलं.

इंजिनाचं खालचं चेंबर खोललं. आश्रुबा स्वतः गाडीखाली आले. डाव्या हातानं उजवा हात दाबून धरत त्यांनी बॅटरीचा उजेड पाडला. तिसरा पिस्टन बाहेर आला. एका बाजूची खाच मोकळी. पिन किंचित सरकलेली, जेमतेम. मंजुषानं बोट स्लीव्हवरून फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर. गुळगुळीत.

"ओरखडा न्हाई," ती म्हणाली, आणि आता मात्र डोळ्यांतून पाणी आलंच.

आश्रुबांनी स्वतःचं बोट फिरवून खात्री केली. बॅटरी विझवली. मग म्हणाले, "बायनाला फोन लाव."

झालं. संपलं गॅरेज. तिनं फोन लावून त्यांच्या कानाला धरला.

"बायने, आमी लातूरला येत न्हाई," आश्रुबा म्हणाले. "...न्हाई, इंजिन चुकलं पोरीचं. हां, चुकलं. पन सांगायला भर रस्त्यानं पळाली. मी तिच्या वयात असतो तर लपवलं असतं, तुला ठावं हाय माझं... ठेव आता. काम पडलंय."

मग ते खुर्चीत जाऊन बसले आणि चक्क टोपी तोंडावर ओढून झोपले. किंवा झोपल्यासारखं केलं.

लॉक बसलं. टक. ह्या वेळी तिघांनीही ऐकलं. सगळं पुन्हा आवळून, ऑइल भरून गाडी तयार झाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. रुद्रेश चावी हातात घेऊन उगीच घोटाळत होता.

"मिस्त्री, एक इचारू?"

"इचारा."

"पहिल्या दिवशी मला भाऊ म्हनलात. त्यानंतर एकदाबी न्हाई. रोज वाट बघतो मी... आज म्हनतील, आज म्हनतील, आन् मग आपला निकाल लागंल. लय भ्या वाटतंय रोज येताना." त्यानं चावी या हातातून त्या हातात घेतली. "तेबी लॉकसारखं चुकून राहिलं का?"

खुर्चीतली टोपी जराशी हलली. मंजुषानं एकवार तिकडं पाहिलं, गालावर आलेली बट मागं सारली आणि गालाला आणखी थोडं ग्रीस लागलं.

"लॉक विसरले होते," ती म्हणाली. "भाऊ... मुद्दाम सोडलंय."