माझ्या वाट्याचं वाक्य

घरोघरी जाऊन पेशंट बघणं हे माझं काम. ड्रेसिंग, इंजेक्शन, ऑपरेशननंतरचा व्यायाम, आणि घरच्यांना कुठे बाहेर जायचं असलं की तेवढा वेळ सोबत. त्या संध्याकाळीही एवढंच होतं. मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या हळूहळू सावरत होत्या. सुनेच्या ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता आणि नवराबायको दोघं तिकडे निघाली होती.

निघताना मुलाने मला दाराशी बाजूला घेतलं.

"सिस्टर, आई हल्ली काहीबाही बोलते. टीव्हीत कुणीतरी कुजबुजतं म्हणते. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. तसं काही बोललीच, तर मला लगेच कळवा."

"कळवते. पण मग पुढे?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "आम्ही दोघंही दिवसभर बाहेर असतो हो. अशा माणसांना सांभाळणारी एक जागा बघून ठेवलीय. चांगली आहे तशी."

"दार लावून घ्या," आतून मावशींचा आवाज आला. "आणि कुजबुजायचं तर नीट कुजबुजा. अर्धा जिना ऐकतोय."

आम्ही तिघांनीही जीभ चावली.

मावशींचे डोळे काचबिंदूने गेले होते, पण कान शाबूत होते. उभी हयात त्यांनी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून घालवलेली. म्हणजे विंगेत अंधारात पुस्तक धरून उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. नटाला ऐकू गेलं पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. टीव्हीसुद्धा त्या कानांनीच बघायच्या. पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगायचं आणि मत त्यांनी द्यायचं.

"कोण आलं?"

"मोठी सून. जिना उतरतेय."

"कालपासून उतरतेय ती. पडली का एकदाची?"

"नाही. धाकटी दाराआडून ऐकतेय."

"ऐकू दे. त्या घरात दारं आहेत कशाला, तर ऐकायला." त्यांनी खुर्चीत कूस बदलली. "आता सासू रडेल बघ. कोरडं रडते ती. नाक ओढते, पण घसा ओला होत नाही. मेलेल्या नवऱ्यासाठी रडतेय की गॅस संपला म्हणून, पत्ता लागत नाही."

मी खो खो हसले. पण मावशी हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बोटं खुर्चीच्या हातावर सारखी टकटकत होती आणि मान एका बाजूला कललेली होती, कुणी कानाशी लागावं तशी.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "‘या घराचा उंबरठा आजपासून मला परका.’"

"काय?"

पडद्यावरच्या मोठ्या सुनेने डोळे पुसले आणि म्हणाली, "या घराचा उंबरठा आजपासून मला परका."

"जुना भाग असेल, तुम्ही ऐकला असेल," मी म्हटलं.

"आजचाच आहे. ‘वहिनी, थांबा, त्या पाकिटात काय आहे ते मला माहितीय.’"

"वहिनी, थांबा!" धाकटी ओरडली. "त्या पाकिटात काय आहे ते मला माहितीय!"

मी रिमोट उचलून चॅनल बदललं. विनोदी कार्यक्रम चालला होता. एक जाडगेला माणूस बायकोचा गाऊन घालून पलंगाखाली लपला होता आणि प्रेक्षक लोळत होते.

"याचा विनोद शिळा आहे," मावशी म्हणाल्या. "हशा आधी येतो, विनोद मागून धापा टाकत येतो." मग पुन्हा मान कलली. आवाज अगदी सपाट झाला. "‘साहेब, पलंगाखाली मी नाही, माझी सासू आहे.’"

गाऊनवाल्याने डोकं बाहेर काढलं. तेच वाक्य, शब्द न् शब्द तोच. लोक पुन्हा लोळले.

मी उठून उभी राहिले. का उठले कोण जाणे, बसवेना एवढं खरं. खिडकीपाशी गेले, परत आले, उगाच औषधांच्या बाटल्या नीट लावल्या.

"कोण सांगतं तुम्हाला हे?"

"बाई आहे कुणीतरी. दमलेली. सगळ्या चॅनलवर तीच. एक श्वास आधी देते वाक्य. अगदी रीतसर प्रॉम्प्टिंग."

"ओळखीचा आवाज आहे?"

"विंगेत सगळ्यांचे आवाज सारखेच होतात गं."

फोन माझ्या हातात होता. मुलाला कळवायचं कबूल केलं होतं. पण कळवलं असतं, तर या बाईची रवानगी त्या जागी. आणि सांगणार तरी काय? आई वेडी नाही, ती बरोबर सांगतेय, हे?

मावशी एकदम ताठ झाल्या.

"हे मात्र यांच्यातल्या कुणाचं नाही."

"कुठलं?"

"‘पाणी तुमच्याकडेही बंद आहे का हो?’"

मी पडद्याकडे बघत राहिले. तिथे जाहिरात लागली होती. आणि दारावरची बेल वाजली.

वरच्या मजल्यावरचे काका होते, हातात रिकामी बादली.

"पाणी तुमच्याकडेही बंद आहे का हो?"

"नाही, येतंय की. पहाटेपासून धो धो आहे," मी म्हटलं. काका मान हलवत जिना चढून गेले. मी दार लावलं, वळले, आणि मावशी खोलीतून म्हणाल्या, "तुझं पाठांतर चांगलं आहे. ‘नाही, येतंय की. पहाटेपासून धो धो आहे.’ तू दाराशी पोचायच्या आधी तिने दिलं होतं ते."

पहाटे मी त्या घरात नव्हतेच. तिथलं पाणी कधीपासून येतंय, मला कुठून ठाऊक?

मी टीव्ही बंद केला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की फ्रिजची घरघर मोठी वाटू लागली. औषधांचा वास अचानक नाकात भरला.

"त्याने काय होणार?" मावशी हळूच म्हणाल्या. "पुस्तक तिच्या हातात आहे..."

त्यांची मान अजून कललेलीच होती. त्या ऐकत होत्या. मग त्यांचा चेहरा बदलला. भीती नव्हती तिथे. पाहुणा अपेक्षेपेक्षा लवकर आल्यावर बाई जशी चपापते, तसं काहीतरी.

"काय म्हणाली?"

"तुझं वाक्य आहे. फोनवर बोलायचं. माझ्या मुलाशी."

"काय आहे ते?"

त्यांनी सांगितलं.

ते वाक्य मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. आमच्या पेशात ते बोलायची पाळी येते. पेशंटच्या घरच्यांना फोन लावायचा, आणि ते चार शब्द बोलायचे. पलीकडचं माणूस आधी गप्प होतं, मग ओरडतं. तेच वाक्य ते. आता ओळखा.

"मी नाही बोलणार," मी म्हटलं.

"नट अडला, तर प्रॉम्प्टर पुन्हा देते... जरा मोठ्याने." मावशींनी माझा हात चाचपडत धरला. "पण मी नाटकात एक पाहिलंय. बोललाच नाही एखादा, तर खेळ तिथेच थांबतो."

फोन वाजला. मुलाचाच होता.

"सिस्टर, सगळं ठीक ना?"

मी मावशींकडे पाहिलं. हनुवटी छातीवर टेकली होती. माझ्या हातातला त्यांचा हात सैल पडला होता. मी मनगट दाबलं. मानेशी बोटं लावली. काही लागेना.

आणि माझ्या डाव्या कानाशी, केस हलतील इतक्या जवळून, कुणीतरी ते वाक्य म्हटलं.

सपाट, दमलेला आवाज. मदत करणारा. मला त्याचा राग येईना, तेच भयंकर होतं. माझे ओठ आपोआप उघडले.

"सिस्टर? हॅलो?"

ते पुन्हा आलं. जरा मोठ्याने.

"सगळं ठीक आहे दादा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "टीव्ही बघत बसलोय."

फोन पलंगावर फेकला. मावशींना खाली आडवं निजवून छाती दाबायची म्हणून बगलेत हात घातले, तोच त्यांनी मान वर केली.

"कुठवर आलं गं? लाव ना टीव्ही."

मी लावला. गाऊनवाला अजून पलंगाखाली होता. मावशी हसल्या. त्या शिळ्या विनोदाला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"किती छान करतो," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना सगळंच छान वाटू लागलं. सासूचं रडणं छान, जिना उतरणं छान. कुजबुजीचं नाव नाही. मान कलणं नाही. मुलाच्या मनावरचं ओझं उतरलं. "आई एकदम शांत झाली हो सिस्टर," तो म्हणाला. "ती जागा नको म्हणून कळवलं आम्ही." सुनेने माझे हात हातात घेतले. मी मात्र त्यांची नाडी बघायची टाळत होते. काही ना काही निमित्त काढायचं. आणि त्या घरात माझ्याशिवाय नाडी बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

थंडी पडल्यावर एकदा सकाळी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. मुलगा गाडी चालवत होता, मागे मावशी आणि मी. बाहेर बोचरा गारठा, म्हणून सगळ्या काचा चढवलेल्या. आमच्या श्वासांनी त्या बघता बघता धुरकटल्या. मुलगा फडक्याने समोरची काच सारखी पुसत होता.

मावशी बाहेरचे आवाज ऐकायला खिडकीशी तोंड नेऊन बसल्या होत्या. काहीतरी गुणगुणत होत्या, खुशीत.

"सिस्टर, आज गप्प का?" मुलाने आरशातून विचारलं.

"काही नाही दादा," मी म्हटलं, आणि माझ्या बाजूची काच पुसू लागले. पुसली की ती पुन्हा धुरकटायची. मावशींची काच, त्यांच्या तोंडापासून बोटभर अंतरावर, लख्ख होती.